नाव न घेता

५ मार्च, राखेचा बुधवार

आजपासून तंबाखू बंद.

गेल्या वर्षीच्या डायरीत याच दिवशी हेच वाक्य आहे. त्याच्या आदल्या वर्षीच्या डायरीतही आहे, फक्त तिथं अक्षर जरा बरं आहे.

पण यंदा मी पद्धतशीर कामाला लागलो आहे. चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या पार्टची क्वालिटी बघण्यात माझा जन्म गेला. एकच तक्रार गिऱ्हाइकाकडून परत आली की आम्ही तिला रिपीट कम्प्लेंट म्हणतो, आणि मग कोणाचीच धडगत नसते. मूळ कारण शोधायचं, ते काढून टाकायचं आणि 'पुन्हा होणार नाही' असं लिहून सही करायची. पापाला हीच पद्धत का लावू नये? देवाच्या दफ्तरी मी चर्चमधल्या दर महिन्याच्या प्रभुभोजनाआधी कबुली देऊन क्लोज होणारी आणि सोमवारी दुपारी पुन्हा उघडणारी तक्रार आहे.

मूळ कारण लगेच सापडलं. दिग्विजय. माझ्या हाताखालचा इन्स्पेक्टर, राहणार देहू. जेवण झाल्यावर तो तळहातावर मळायला लागला की माझा हात आपोआप पुढे जातो. आज त्याला बजावलं, "ईस्टरपर्यंतचे हे उपवासाचे चाळीस दिवस मला चिमूटभरसुद्धा द्यायची नाही."

"व्हय साहेब," तो म्हणाला. "दर साली सांगता तसंच ना?"

या माणसाला टोचून बोलायची खोड आहे.

९ मार्च, रविवार

लवंग चघळतो आहे. डोकं दुखतं.

आज उपासनेनंतर प्रार्थनासाखळीत तीन विषय टाकले. आमच्या मंडळीतलं, म्हणजे आमच्या चर्चमधलं, हे काम माझ्याकडे आहे. ज्याला जे दुःख असेल ते त्यानं मला कळवायचं, मी ते 'प्रार्थनेचा विषय' म्हणून व्हॉट्सॅपच्या ग्रुपवर टाकायचं आणि सगळ्यांनी आपापल्या घरी गुडघे टेकायचे. मंडळीचा पंच म्हणून या बाबतीत माझा एक कडक नियम आहे. कोणाचंही नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की ती चहाडी होते.

आजचा मुख्य विषय, 'प्राधिकरण वसाहतीतील एक भगिनी, जिच्या सुनेनं गेल्या आठवड्यात वेगळी चूल मांडली.' दुपारपासून फोनवर फोन. कधी झालं, कशावरून झालं, भांडी कोणी नेली. लोकांना एकमेकांबद्दल किती कळवळा आहे हे अशा वेळी दिसतं.

शैला मटार सोलत होती. म्हणाली, "ती सून मला मंडईत भेटली होती. रडत होती."

"बघ," मी म्हटलं, "प्रार्थनेनं मन द्रवतं."

शैलानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पुन्हा मटार सोलायला घेतले. शाळेत मराठी शिकवून शिकवून तिला माणसांकडे असं चुकलेल्या निबंधासारखं बघायची सवय लागली आहे.

१५ मार्च, शनिवार

आज एक मोठी गोष्ट घडली. सलिल उजागरे घरी आला.

सलिल म्हणजे काळेवाडीच्या गिरजाबाईंचा मुलगा. बाप दारूनं गेला. हाही त्याच वाटेला लागला होता, पण सुधारला. चाकणला एका टूलरूममध्ये काम करतो आणि रविवारी उपासनेत ढोलकी वाजवतो. माझ्यासमोर बसला आणि बराच वेळ नुसते हात चोळत राहिला.

"काका, मी दीड वर्ष दारूला शिवलो नव्हतो," तो म्हणाला. "परवा शिफ्ट सुटल्यावर पोरांनी ढाब्यावर नेलं. आणि मी प्यालो. घरी कसा आलो तेही आठवत नाही."

"मग पाळकसाहेबांकडे गेला होतास का?"

"नाही. आधी तुम्हाला सांगायचं होतं. दुसऱ्या कोणाकडून तुम्हाला कळायला नको. तुम्हालाच का, ते नंतर सांगेन. आधी मला यातून उठू द्या. पण काका, हे आपल्यातच राहू द्या."

मी त्याचा हात धरला आणि म्हणालो, "आपल्यातच राहील." मग प्रार्थना केली. लांबली थोडी. पाळकांना सोडून हा मुलगा माझ्याकडे आला याचं मला आतून फार बरं वाटलं, हे इथं लिहायला हरकत नाही. तंबाखू सोडल्यापासून माझ्या चेहऱ्यावर काहीतरी आलं असणार.

मधुवंतीनं चहा आणला. आमची मुलगी ऑफिसातून आली की स्वतःचा डबासुद्धा धुवत नाही, पण आज तिनं पाहुण्यांचे कप काढले होते. सलिलच्या चहात साखर नव्हती. त्याला बिनसाखरेचा लागतो हे हिला कसं कळलं देव जाणे. उपवासाच्या दिवसांत तिच्यातही सेवाभाव जागा होतो आहे असं दिसतं.

१६ मार्च, रविवार

रात्रभर सलिलचा विचार होता. एवढं जड ओझं मी एकट्यानं का वाहावं? 'आपल्यातच' म्हणजे काय याचाही मी नीट विचार केला. मंडळी हे एक शरीर आहे. त्या शरीरात राहिलं म्हणजे आपल्यातच राहिलं.

ग्रुपवर टाकलं: 'काळेवाडीतील एका विधवा भगिनीचा एकुलता मुलगा, चाकणला टूलरूममध्ये कामाला, उपासनेत ढोलकीची सेवा करणारा, दारूच्या मोहात पुन्हा पडला आहे. नाव घेत नाही. कळकळीनं प्रार्थना करा.'

आमच्या मंडळीत ढोलकी एकच आहे हे टाकल्यावर लक्षात आलं. पण नाव कुठं घेतलं होतं? कंपनीत प्रत्येक पार्टवर बॅच, मशीन, शिफ्ट असं सगळं लिहायची सवय, त्यामुळे थोडा तपशील येतोच. शिवाय प्रार्थना करणाऱ्याला कोणासाठी करतो आहोत याचा काही अंदाज नको का?

हात जोडलेल्या चित्रांनी ग्रुप भरून गेला. महिला मंडळाच्या कुसुमताईंचा लगेच फोन, "प्रभाकरभाऊ, किती प्यालेला होता हो?"

१७ मार्च, सोमवार

मधुवंती ग्रुपमधून बाहेर पडली. विचारलं तर म्हणाली, "मोबाइलमध्ये जागा नव्हती." दार लावून घेतलं. संध्याकाळी तासन्‌तास बाल्कनीत फोनवर होती. ऑफिसचं काम घरी आणू नये हे मी तिला कितीदा सांगितलं आहे.

शैला कालपासून माझ्याशी फक्त भाजी-आमटीपुरतं बोलते आहे. उपवासात सैतान घरच्या माणसांतून काम करतो, असं म्हणतात ते खोटं नाही.

२३ मार्च, रविवार

पंचांची बैठक झाली. सलिलनं सुधारणा दिसेपर्यंत ढोलकीला हात लावू नये असं ठरलं. मीच सुचवलं. प्रेमानं.

त्यामुळे आज गीतांना ताल नव्हता. कुसुमताईंनी टाळ्यांवर ठेका धरला आणि एक गीत पुरुषांकडे आधी संपलं, बायकांकडे नंतर. गिरजाबाई उपदेशाच्या मध्येच उठून गेल्या. त्यांना सत्य पचत नाही.

तंबाखूची आठवणसुद्धा आली नाही. म्हणजे आली, पण मी तिला उभं केलं नाही.

२ एप्रिल, बुधवार

मधुवंती अजून माझ्याशी बोलत नाही. बाप म्हणून मला त्रास होतो. शेवटी साखळीवरच भार टाकला: 'चिंचवडमधील एका पंचांच्या घरातील लग्नाच्या वयाची मुलगी, हल्ली वडिलांशी अबोला, संध्याकाळी फोन. नाव घेत नाही.'

आमच्या मंडळीतले चिंचवडचे पंच दोन. दुसऱ्यांना मुलगेच आहेत.

दिग्विजयला हे सगळं जेवताना सांगितलं. म्हणजे विषय निघाला म्हणून. तो डब्यातली भाकरी मोडत म्हणाला, "साहेब, रागावू नका. आमच्यात माळ घातली की जे सोडायचं ते माणूस गपचिप सोडतं. तुमच्यात सोडायची मिरवणूकच लई मोठी हाय."

त्याला आमच्या धर्मातल्या साक्षीचं, म्हणजे देवानं केलेलं चारचौघांत सांगण्याचं, महत्त्व समजावून सांगितलं. जेवणाची सुट्टी संपली म्हणून अर्धवट राहिलं.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार

गुड फ्रायडेची तीन तासांची उपासना. सलिल आईबरोबर शेवटच्या बाकावर होता. मधुवंती आमच्या बाकावरून उठली आणि गिरजाबाईंच्या शेजारी जाऊन बसली. गिरजाबाईंनी तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. मी शैलाला कुजबुजलो, "बघ, मुलीला सांत्वनाचं दान आहे." शैला म्हणाली, "हो, तिला सगळी दानं आहेत. बापच तेवढा मिळायचा राहिला."

वधस्तंभावर लक्ष होतं म्हणून मी उत्तर दिलं नाही.

२० एप्रिल, ईस्टर

जिंकलो! राखेच्या बुधवारपासून आजपर्यंत एक चिमूटही नाही. हे मी सहीनिशी लिहून देतो.

पाळकसाहेबांनी साक्षीला उभं केलं. मूळ कारण कसं शोधलं, लवंग कशी वापरली, दिग्विजयसारख्या मोहाला (नाव न घेता) कसं तोंड दिलं, सगळं सांगितलं. पश्चात्ताप म्हणजे नुसतं रडणं नव्हे, पुन्हा तेच न करणं, हे मी जरा जोरात सांगितलं आणि शेवटच्या बाकाकडे पाहिलं. त्याला प्रोत्साहन म्हणून.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सलिलनंही वाजवल्या. मधुवंती बाहेर निघून गेली. गर्दीत तिला गुदमरतं.

२७ एप्रिल, रविवार

आज लिहू नये असं वाटत होतं. तरीही लिहितो.

उपदेश झाल्यावर पाळकसाहेबांनी सूचना वाचल्या. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावं मंडळीपुढे वाचतात आणि कोणाची हरकत आहे का ते विचारतात. आज त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं: "काळेवाडी येथील सलिल दयानंद उजागरे आणि चिंचवड येथील मधुवंती प्रभाकर शिरसाठ यांचा विवाह करण्याचे योजिले आहे. कोणास रास्त हरकत असल्यास कळवावी. ही विचारण्याची पहिली वेळ."

प्रभाकर शिरसाठ म्हणजे मी.

सगळ्या मंडळीनं माना वळवल्या. कुसुमताई तर बाकावरून अर्ध्या उठल्या. शैला समोर बघत बसली होती. तिला माहीत होतं. गिरजाबाईंना माहीत होतं. ज्या माणसाला पिंपरी ते चाकण कोणाच्या घरी काय शिजतं ते माहीत असतं, त्याला स्वतःच्या मुलीचं लग्न चर्चच्या पुलपिटावरून कळलं.

बाहेर पाळकसाहेब म्हणाले, "अहो, मला वाटलं घरी बोलणं झालं असेल."

घरी येऊन मी ओरडलो. फार ओरडलो. शैला शांतपणे म्हणाली, "आम्ही सांगणार होतो. पण शनिवारी सांगितलं असतं तर शनिवारीच ग्रुपवर आलं असतं. मुलीला वाटलं, एकदा तरी आपली बातमी आपल्या नावानिशी बाहेर पडावी."

पुढच्या रविवारी मी हरकत घेणार. बेवड्याला मुलगी देणार नाही.

२८ एप्रिल, सोमवार

जेवणानंतर दिग्विजयपुढे हात केला. त्यानं मुकाट्यानं मळून दिली. साक्ष देऊन पुरता आठवडा नुकताच झाला होता.

संध्याकाळी शर्टाच्या खिशात पुडी शैलाला सापडली. मी मान खाली घालून उभा राहिलो. पश्चात्तापाची प्रार्थना तोंडपाठ आहे, ती सुरू करणार होतो.

"खा," ती म्हणाली आणि पुडी माझ्या हातात ठेवली. "अहो, तंबाखूनं फक्त तुमचे दात खराब झाले. बाकी कुणाचं काही बिघडलं नाही."

मी म्हटलं, "म्हणजे काय?"

"म्हणजे काय ते मी सांगू? का ग्रुपवर विचारता?"

आज डायरी एवढीच.

३ मे, शनिवार

सलिल आला. मी त्याला बस म्हणालो नाही. तो उभाच राहिला आणि बोलला.

"काका, मुलगी मागण्याआधी बापाला माझं खरं माहीत असावं, म्हणून त्या दिवशी आलो होतो. त्याच दिवशी विचारणार होतो, पण हिंमत झाली नाही. म्हटलं, थोडे दिवस नीट राहून दाखवू, मग विचारू."

मी उठून पंखा लावला.

"तुमचा मेसेज आला त्या दिवशी आमच्या पोरांमध्येही तो फिरला. दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर मी ढाब्यावरच निघालो होतो. सगळ्यांनी बेवडा ठरवलंच आहे, मग लाज कशाला धरायची, असं झालं होतं. आई कंपनीच्या गेटवर येऊन उभी राहिली होती. रिक्षा करून, काळेवाडीहून. तेव्हापासून मधू रोज शिफ्ट सुटायच्या वेळी फोन करते आणि मी घरात पाऊल टाकेपर्यंत बोलत राहते. ती नसती तर मी आज इथं उभा नसतो."

बाल्कनीतला फोन. मी त्याच्यासाठीसुद्धा प्रार्थनेचा विषय टाकला होता.

मला फार लाज वाटली. हे लिहिताना पुन्हा वाटते आहे. गिरजाबाई गेटवर कशा उभ्या राहिल्या असतील हेच डोळ्यांसमोर येत राहिलं. मला रडू आलं आणि सलिलच मला पाणी घेऊन आला. कुठं काय ठेवलेलं असतं ते त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

४ मे, रविवार

"कोणास रास्त हरकत असल्यास कळवावी. ही विचारण्याची दुसरी वेळ."

मी उभा राहिलो. शैलानं माझा शर्ट खेचला.

"माझी हरकत नाही," मी म्हणालो. "उलट मला सगळ्यांपुढे कबूल करायचं आहे. माझं खरं पाप तंबाखू नव्हे. मी विश्वासघात केला. या मुलानं १५ मार्चला माझ्या घरी येऊन मला सांगितलं की आदल्या गुरुवारी तो ढाब्यावर गेला आणि तिथं त्यानं..."

तेवढ्यात मधुवंती दिसली. तिनं डोळे मिटून घेतले होते. लहानपणी इंजेक्शनच्या वेळी मिटायची तसे, घट्ट.

मी पुन्हा तेच करत होतो. कबुली देता देता तेच. आणि गंमत अशी की मला बोलायला मजा येत होती. लोक कान टवकारून ऐकत होते, आणि पुढचा तपशील माझ्या जिभेवर तयार होता. कुसुमताईंनी तर पर्समधून चष्मा काढला होता.

मी तोंड मिटलं. वाक्य तसंच अर्धं राहिलं. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच.

"झालं का, प्रभाकरराव?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"झालं."

"मग बसा. आम्ही फक्त हरकत विचारली होती."

लोक हसले. मी बसलो. कबुली धड झाली नाही, माफी तर मागायचीच राहिली. ती उपासनेनंतर गिरजाबाईंजवळ जाऊन मागितली, तिथं दुसरं कोणी नव्हतं. त्या म्हणाल्या, "व्हय, बरं झालं," आणि चपला घातल्या. एवढ्यावर मी सुटलो असं त्यांच्या तोंडावरून तरी दिसलं नाही.

संध्याकाळी पंचांना फोन करून ढोलकीचं मिटवलं. कारण विचारलं, मी सांगितलं नाही. 'का' असं विचारल्यावर न सांगणं किती अवघड असतं! लवंगेनंही भागत नाही.

११ मे, रविवार

तिसरी वेळ. हरकत कोणाचीच नाही. ढोलकी वाजली आणि सगळे एकाच वेळी थांबले.

दुपारी मधुवंती माझ्या खोलीत आली. खूप दिवसांनी. पलंगाच्या कडेवर बसली, पायाच्या अंगठ्यानं फरशी टोकरत राहिली. मग म्हणाली, "पप्पा, एक सांगायचं आहे. आईलाही अजून माहीत नाही."

आणि तिनं सांगितलं.

काय सांगितलं ते इथं लिहीत नाही.

संध्याकाळपासून ते पोटात आहे. दोनदा गच्चीवर जाऊन आलो. शैलानं विचारलं, "काय झालंय तुम्हाला?" मी म्हणालो, "उकडतंय." तिनं पुन्हा तसंच पाहिलं, चुकलेल्या निबंधासारखं, पण या वेळी बहुधा एखादं वाक्य बरं सापडलं असावं. एकटाच खिडकीशी बसून देवाला सांगितलं. त्याच्याशी बोलताना एवढं कमी बोलायची मला सवय नाही. तंबाखूचंही सांगितलं. ती परत सोडायची आहे, पण त्याची घोषणा करणार नाही.

मग ग्रुप उघडला. दर रविवारी या वेळी सगळे वाट बघतात. 'आजचे प्रार्थनेचे विषय, प्रभाकरभाऊ?' असं दोघांनी विचारलंही होतं. बरंच काही लिहिलं, बरंच पुसलं. शेवटी टाकलं: 'आज माझ्याकडे विषय नाही.'

मग कुसुमताईंचा मेसेज आला:

'चिंचवडमधील एक ज्येष्ठ पंच. मुलीचं लग्न तोंडावर. भर उपासनेत बोलता बोलता वाक्य अर्धं सोडलं, आज तर विषयच नाही म्हणतात. घरात नक्कीच काहीतरी मोठं बिनसलं आहे. नाव घेत नाही. कळकळीनं प्रार्थना करा.'

हात जोडलेल्या चित्रांनी ग्रुप भरून गेला. मला फोन यायला लागले, ते मी घेतले नाहीत. लिहावंसं फार वाटलं की काही बिनसलेलं नाही, उलट आनंदाची बातमी आहे. अंगठा बराच वेळ तिथंच होता.

शेवटी त्या मेसेजखाली मीही हात जोडलेलं चित्र टाकलं.